वंगणाचं नळकांडं

माझ्या गाडीच्या मागच्या बाकाखाली, पान्यांच्या पेटीशेजारी, बांबूचं वीतभर लांबीचं एक नळकांडं आहे. तेल मुरून काळंभोर झालेलं, तोंडाला तागाचा बोळा. आमच्या बैलगाडीच्या साट्याखाली ते सुतळीनं टांगलेलं असायचं. आत एरंडेल आणि जाळलेल्या चिंध्यांची काजळी एकत्र खलून केलेलं वंगण. तात्या, म्हणजे माझे आजोबा, वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावचे सुतार. गाडी लांबच्या गावाला निघायची असली की आदल्या संध्याकाळी ते खीळ काढून एकेक चाक बाहेर ओढायचे, आखाला वंगण लावायचे, चाक परत सरकवून खीळ ठोकायचे. मग चाक हातानं फिरवून जवळ कान नेऊन ऐकायचे. “चाक बोललं नाही पाहिजे,” एवढंच म्हणायचे. तात्या गेले, गाडी विकली गेली, नळकांडं मी मागून घेतलं.

मी १९८४ साली इंग्लंडला आलो. लंडनच्या पश्चिमेला चाळीसेक मैलांवर रेडिंग नावाचं गाव आहे, तिथल्या एका बस डेपोत एकतीस वर्षं फिटर होतो. निवृत्त व्हायच्या आधी १९७६ सालची एक पांढरी फोक्सवॅगन कॅम्परव्हॅन घेतली. आत दोन माणसांचं अंथरूण, दोन बर्नरची शेगडी, एवढंसं मोरीचं भांडं. बायकोनं तिचं नाव ‘खिल्लार’ ठेवलं. दर वर्षी उन्हाळ्यात दोन-तीन महिने आम्ही तिच्यात राहतो.

मागच्या गणपतीत आरतीनंतर एका तरुण जोडप्यानं मला गाठलं. त्यांनी जुनं मोटारहोम विकत घेतलं होतं, फियाटच्या सांगाड्यावरचं, चार माणसं झोपतील असं. “काका, निघायच्या आधी काय काय बघायचं?” मी म्हटलं, “चाकापासून सुरुवात करा. आणि तुम्ही ज्या गावात राहता, तिथंच ही सगळी विद्या कशी घडली ते ऐका.” प्रसादाच्या ताटल्या हातात घेऊन त्यांनी ऐकलं. तेव्हा जे घाईत सांगितलं ते इथे सावकाश लिहितो आहे.

रेडिंगमध्ये डंटन नावाचं गाडे बांधणारं घराणं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी रोमानी, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्या लोकांसाठी आणि जत्रेवाल्यांसाठी राहते गाडे बांधले. ते इतके नावाजले, की त्या घडणीच्या गाड्याला सगळ्या इंग्लंडमध्ये ‘रेडिंग वॅगन’ म्हणतात. चाकं उंच, गाड्याच्या अंगाबाहेर. भिंती खालून वर जाताना बाहेर झुकत जाणाऱ्या. दहा फूट लांबीचं घर, आणि त्यात शेगडी, कपाटं, मागच्या भिंतीला आडवा पलंग, पलंगाखाली पोरांची झोपायची जागा. आजच्या कुठल्याही मोटारहोमची आतली मांडणी काढून बघा, मागे आडवा पलंग आणि त्याखाली साठवणीचा कप्पा ही जोडी अजून तिथेच आहे.

रोमानी लोक ब्रिटनमध्ये सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत. १५०५ साली स्कॉटलंडमध्ये त्यांची नोंद सापडते, आणि १५३० मध्ये इंग्लंडनं त्यांना हाकलून देण्याचा कायदाच केला. पण चाकावरचं घर त्यांच्याकडे फार उशिरा आलं. तीनशे वर्षांहून जास्त काळ ते पायी, घोड्यागाढवांच्या पाठीवर ओझी टाकून फिरले, आणि रात्री हेझलच्या लवचिक काठ्या वाकवून त्यावर घोंगड्या टाकून राहिले. रस्ते सुधारले, गाड्याला पेलतील असे झाले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गाडे आले.

कंब्रिया परगण्यात ॲपलबीला दर जूनमध्ये घोड्यांचा बाजार भरतो. आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या चाककाराशी गाठ पडली. तो गाड्याच्या पायरीवर बसून किटलीत पाणी ओतत होता आणि नातवाला म्हणाला, “पानी.” मी दचकलो. नंतर घरी येऊन वाचलं. रोमानी भाषेत नाक म्हणजे नाक, कान म्हणजे कान, माणूस म्हणजे मनुष, सुरी म्हणजे चुरी, घर म्हणजे खेर आणि आग म्हणजे याग. अंगाचे आणि चुलीचे शब्द त्यांनी आपल्याकडून नेले आहेत. पण रस्ता म्हणजे द्रोम, तो शब्द ग्रीक. घोड्याचा नाल, पेतालो, तोही ग्रीक. गाड्याचा शब्द वार्दो, तो इराणी कुळातला. ज्या मुलखात जी गोष्ट हाती लागली तिथलाच शब्द तिला चिकटला. एका जमातीनं हजार वर्षं केलेला प्रवास मला त्या पायरीवर एका शब्दात ऐकू आला, याचं मला आजही भारी वाटतं.

त्या चाककारानं मला एक गोष्ट दाखवली जी मी कुठल्या पुस्तकात आधी वाचली नव्हती. गाड्याच्या दारातून, म्हणजे पुढून, आत शिरलं की शेगडी डाव्या हाताला असते. का? या देशात गाडी रस्त्याच्या डाव्या कडेनं चालते. कडेला झाडं. धुराडं डावीकडे ठेवलं तर फांद्यांना अडकून मोडेल. म्हणून ते रस्त्याच्या मधल्या बाजूला, गाड्याच्या उजवीकडे. तोंड मागे करून आत शिरणाऱ्याला ते डावीकडे दिसतं. मी त्या जोडप्याला हेच सांगितलं: तुमच्या मोटारहोमचं राहत्या भागाचं दार कोणत्या बाजूला आहे ते बघा. युरोप खंडात बांधलेल्या पुष्कळ गाड्यांचं दार उजवीकडे असतं. इथे रस्त्याच्या कडेला थांबलात तर ते दार चालत्या रहदारीत उघडतं. लहान मूल असेल तर उतरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. माझ्या खिल्लारचं सरकतं दार डाव्या बाजूला, पदपथाकडे आहे.

मग आम्ही चाकावर आलो. तो सांगत होता, तुंबा एल्मचा, आरे ओकचे, पाटे ॲशचे. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले, आरे ठोकताना तुंबा फाटत नाही. ओक दाब सोसतो. ॲश लवचिक, रस्त्याचे धक्के पोटात घेतो. आमच्याकडे हे सगळं काम बाभळीनं केलं. तात्या बाभळीचं लाकूड वर्षा-दोन वर्षांसाठी सुकत टाकायचे. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चढवायची आणि वरून घागरीनं पाणी ओतायचं. धाव आकसते आणि सगळं चाक करकचून आवळलं जातं. इंग्लंडमध्येही नेमकं असंच. उन्हाळ्यात लाकूड सुकून आरे खिळखिळे झाले की आमच्याकडे चाकं ओढ्यात टाकून ठेवायचे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत कॉन्स्टेबलचं १८२१ सालचं ‘द हे वेन’ हे चित्र आहे. त्यात गाडा भर नदीत उभा आहे. तो तिथे का उभा आहे याचं एक कारण असं देतात, की उन्हानं सुकलेली चाकं पाण्यानं फुगवायला. मी त्या चित्रापुढे बराच वेळ उभा होतो. तात्यांना ते समजावून सांगावं लागलं नसतं.

ही झाली गरजेची चाकं. हौसेची चाकं रेडिंगहून जेमतेम पाच मैलांवर, ट्वायफर्डला सुरू झाली.

ट्वायफर्डला विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर राहत. आरमारात शल्यविशारद होते, प्रकृती बिघडल्यानं निवृत्त झाले आणि मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. शंभराहून जास्त पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. त्यांनी रेल्वेचे डबे बांधणाऱ्या ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून स्वतःसाठी एक राहता गाडा बांधवून घेतला. नाव ठेवलं ‘वाँडरर’. आत महॉगनीचं काम. सामानासह वजन दोन टनांच्या जवळपास. ओढायला दोन घोडे, कॉर्नफ्लॉवर आणि पी-ब्लॉसम. १८८५ च्या उन्हाळ्यात ते ट्वायफर्डहून निघाले आणि यॉर्कशायर, नॉर्थम्बरलंड, एडिंबरो असं करत, ग्रँपियन डोंगर ओलांडून पार इन्व्हर्नेसला पोचले. तेराशे मैलांच्या या प्रवासावरचं पुस्तक पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये आलं. मौजेखातर गाड्यात राहण्याचं वेड इंग्रज मध्यमवर्गाला लागलं ते त्या पुस्तकापासून. वाँडरर अजून जपून ठेवलेला आहे.

मला स्टेबल्स आवडतात. हवा, झोप, आंघोळ, साधं जेवण यावर ते डॉक्टरच्या अधिकारानं लिहितात आणि नव्यानं निघणाऱ्यांना पुष्कळ व्यवहारी सूचना देतात. पण त्यांच्या बरोबर कोण होतं ते बघा. हरिकेन बॉब नावाचा न्यूफाउंडलंड कुत्रा. एक काकाकुवा. फोली नावाचा चाकर, जो तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता कसा आहे, समोरून काय येतं आहे ते बघायचा. आणि जॉन, कोचमन. दोन टनांचा गाडा घाटातून उतरवणारा माणूस तो. घोड्याचा नाल सैल झाला आहे का, आख कोरडा पडला आहे का, हे बघणारे हातही त्याचेच. कॅरॅव्हॅनच्या इतिहासात स्टेबल्सचं नाव पहिल्या पानावर येतं. जॉनचं पुरं नावही सहजी सापडत नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या ठेवल्या, म्हणून असेल, पण ते पुस्तक वाचताना माझं लक्ष सारखं जॉनकडे जातं.

आणखी एक गोष्ट मला बोचते. स्टेबल्सना लोक कौतुकानं ‘जंटलमन जिप्सी’ म्हणत, तेही स्वतःला तसं म्हणवून घेत. त्याच दशकात कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ नावाचे एक समाजसुधारक पार्लमेंटात फिरत्या घरांचं विधेयक पुन्हा पुन्हा आणवत होते: गाड्यांची नोंदणी व्हावी, अधिकाऱ्यांनी आत शिरून तपासणी करावी, पोरांना शाळेत घालावं. हेतू वाईट नसेल, पण जे लोक पिढ्यान्‌पिढ्या गाड्यात राहत होते त्यांना कुणी विचारलं नाही. विधेयक मंजूर झालं नाही. पुढे १९६० च्या कायद्यानं गाडे थांबवायच्या जुन्या जागा बंद होत गेल्या. १९६८ च्या कायद्यानं रोमानी लोकांसाठी तळ देणं स्थानिक प्रशासनांवर बंधनकारक केलं, आणि १९९४ साली ते बंधन काढून टाकलं. मी माझी व्हॅन समुद्राकाठी लावली की येणारे-जाणारे हसून हात करतात. त्याच कडेला रोमानी कुटुंबाचा गाडा थांबला की पोलिसांना फोन जातो. चाकं तीच, रस्ता तोच. हे चूक आहे, आणि मौजेनं फिरणाऱ्या आम्हा लोकांनी ते मोठ्यानं म्हणायला हवं.

लहानपणी आमच्या गावात दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या यायच्या, बीडकडून, रांगेनं. गाडीत पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, कोंबड्यांची पाटी, धान्याच्या पोत्यावर निजलेलं पोर. फडाजवळ पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या आणि सहा महिने तेच गाव. त्यांच्यातलं कुणी मध्यरात्री आख मोडला म्हणून आलं तर तात्या कंदील घेऊन उठायचे. पैसे घेताना मी त्यांना पाहिलं नाही. माझ्या मनात चाकावरच्या घराचं पहिलं चित्र आहे ते हे.

१९०७ मध्ये लंडनला कॅरॅव्हॅन क्लब निघाला, स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष होते. आता त्याच्या नावात मोटारहोमही आहे. १९१४ साली डंटननी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीवर राहत्या घराचा सांगाडा चढवला. रोमानींसाठी गाडे बांधणाऱ्या हातांनीच इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्या मोटारघरांपैकी एक बांधलं, याहून सरळ धागा कोणता दाखवू? नंतर दोन महायुद्धं आली, पेट्रोलवर रेशन आलं. तो काळ मी सोडून देतो.

१९४७ च्या एप्रिलमध्ये बेन पॉन नावाच्या डच मोटारविक्रेत्यानं फोक्सवॅगनच्या कारखान्यात पत्र्याच्या उघड्या सपाट गाड्या माल वाहताना पाहिल्या, आणि वहीत एका व्हॅनचं कच्चं चित्र काढलं: खोक्यासारखी, इंजिन मागे, ड्रायव्हर पुढच्या चाकांवर. मार्च १९५० मध्ये ती व्हॅन बाहेर पडू लागली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीनं तिच्यात बसवायची ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढली, म्हणजे काढता-घालता येणारं कपाट आणि पलंग. आठवडाभर माल वाहा, रविवारी त्यातच झोपा. युद्धातून उठलेल्या जर्मनीत एकाच गाडीनं दोन्ही कामं करावीत हे साहजिक होतं. इंग्लंडमध्ये १९५६ पासून डेव्हन परगण्यातल्या सिडमथच्या सुतारांनी या व्हॅनमध्ये लाकडी संसार मांडायला सुरुवात केली. माझी खिल्लार डेव्हनचीच. तिचं मूळचं कपाट अजून आहे आणि त्याचा एकही सांधा ढिला नाही.

तेव्हा इथे मालवाहू व्हॅनना ताशी ३० मैलांची मर्यादा होती, आणि कॅम्परही व्हॅनच धरली जायची. जुनी मंडळी पीटर पिट नावाच्या एका कारागिराची गोष्ट सांगतात. त्यानं आपली कॅम्पर मुद्दाम विंझरच्या राजोद्यानात नेली, जिथे मालवाहू गाड्यांना बंदी होती, आणि खटला ओढवून घेतला. कोर्टानं मानलं की हे राहायचं वाहन आहे. ही गोष्ट सांगताना त्यांचे डोळे चमकतात, आणि मला त्यांचं समजतं.

१९६९ मध्ये अमेरिकेत जॉन म्यूर नावाच्या इंजिनियरनं फोक्सवॅगन जिवंत ठेवण्यावर एक पुस्तक लिहिलं. ज्यानं आयुष्यात पाना हातात धरला नाही त्याच्यासाठी लिहिलेलं. रस्त्यावर बिघडलेल्या गाडीशेजारी बसून मित्रानं सांगावं तशी त्याची भाषा आहे. माझ्या प्रतीची पानं तेलानं पारदर्शक झाली आहेत. डेपोत मला जे पाच वर्षांत कळलं ते त्यानं एका पुस्तकात मांडलं आहे. यंत्र कळायला त्याच्याशी आस्था लागते, हे म्यूर लपवत नाही. तात्यांनी ते बोलून दाखवलं नाही इतकंच.

आता माझ्या गाडीकडे येतो, कारण त्या जोडप्याचं प्रश्न विचारणं अजून संपलेलं नव्हतं.

माझं इंजिन १६०० सीसीचं, वाऱ्यानं थंड होणारं. रेडिएटर नाही, त्यामुळे तेलच रक्त आणि तेलच पाणी. आत अडीच लिटर तेल मावतं, कागदी फिल्टर नाही, फक्त जाळी. म्हणून दर तीन हजार मैलांना तेल बदलायचं आणि त्याच बैठकीत व्हॉल्व्हची फट बघायची: ०.१५ मिलिमीटर, इंजिन रात्रभर गार झाल्यावरच. गरम इंजिनावर मोजलेली फट खोटी. फट मिटली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो, आणि मग रस्त्यात उभे. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेची रबरी पट्टी लोकांना शोभेची वाटते. तीच गरम हवा खाली आणि गार हवा वर अशी वेगळी ठेवते. ती फाटली की पंखा आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो.

या गाड्या जळतात त्या बहुतेक पेट्रोलच्या नळीमुळे. नळी मागे, इंजिनाच्या वर. रबर कडक होतं, चीर पडते, थेंब तापल्या इंजिनावर. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आणि ते जुन्या रबराला लवकर खातं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, क्लिपा नव्या घ्या, नळीवर बसवल्याची तारीख लिहून ठेवा. चाळीस वर्षांपलीकडच्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. मी तरी दर वर्षी नेतो. माझ्यानंतर दुसऱ्या कुणाचे डोळे गाडीखालून फिरले पाहिजेत.

त्या जोडप्याची गाडी माझ्या गाडीच्या मानानं नवी, पाण्यानं थंड होणारी, तिला हे सगळं नको. पण तिचे टायर मी पाहिले. नक्षी खोल, जवळजवळ कोरी. मग बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर अकरा वर्षांचे निघाले. मोटारहोम चालते कमी, उभी राहते जास्त. टायर झिजत नाही, आतून म्हातारा होतो. सात वर्षांनी बदला, नक्षी कितीही असो. आणि वजनकाट्यावर न्या: पाण्याची टाकी, गॅसची टाकी, सायकली, माणसं, कुकर, तांदळाची पिशवी, सगळ्यासकट. बहुतेक मोटारहोमांची मर्यादा साडेतीन टन असते आणि कागदावर मोकळी वाटणारी गाडी भरल्यावर मर्यादा ओलांडते. पाणी लिटरला किलो. शंभर लिटर पाणी म्हणजे दीड माणूस. मुक्कामी नळ असेल तर टाकी भरून कशाला हिंडायचं? दोन टनांचा वाँडरर दोन घोडे ओढायचे, तेव्हा जॉनला प्रत्येक चढाला हे वजन कळत असेल. आपल्याला इंजिन कळू देत नाही.

गॅस हा बायकोचा प्रांत. ती रसायनशास्त्र शिकवायची. ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, म्हणून थंडीत सकाळी चहा होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतं. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी ओढून कधीही नाही. तळाच्या हवेच्या जाळ्या थंडी येते म्हणून चिंधीनं बुजवायच्या नाहीत, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि तिथूनच निघून जातो. कार्बन मोनॉक्साइडची घंटा झोपायच्या जागेजवळ लावा. एवढं सांगताना ती नेहमी गंभीर होते.

उंची कागदावर लिहून समोरच्या काचेशी चिकटवा, फुटांत आणि मीटरमध्येही. इथले पूल फूट सांगतात, फ्रान्समधले मीटर. स्कॉटलंडच्या एका गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर मध्येमध्ये बाजूला होण्याच्या जागा असतात. त्या मुक्कामाला नाहीत. मागे गाडी अडकली असेल तर तिथे थांबून तिला पुढे जाऊ द्या. तिथल्या गावच्या लोकांचा तो रोजचा रस्ता आहे, आपली सहल. आणि २००३ च्या तिथल्या जमीनविषयक कायद्यानं रानात तंबू ठोकायचा जो हक्क दिला आहे तो मोटारीला लागू नाही. पुष्कळांचा इथे गैरसमज होतो.

उतारावर मी एकदा फसलो. लेक डिस्ट्रिक्टमध्ये कर्कस्टोनची खिंड आहे, ४५४ मीटरवर. वरून उतरताना अर्ध्या वाटेत ब्रेकचं पेडल मऊ लागलं, मग आणखी खाली गेलं. बायको शेजारी. मी गिअर खाली टाकत दुसऱ्यावर आणला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि गवताळ कडेला गाडी थांबवली. चाकांतून धूर येत नव्हता, पण वास येत होता. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. दोन वर्षांत बदलायचं असतं. मी चार वर्षं बदललं नव्हतं. उतारावर ब्रेक तापले, तेलातलं पाणी उकळलं, नळीत वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते. बसेसच्या बाबतीत मी हे पोरांना फळ्यावर काढून शिकवलं होतं. त्या दिवशी आम्ही दीड तास तिथेच बसून राहिलो. ॲपलबीच्या म्हाताऱ्यानं मला त्याच्या गाड्याखाली साखळीनं लटकवलेला लोखंडी जोडा दाखवला होता. उतार लागण्याआधी थांबून तो मागच्या चाकाखाली सरकवायचा, म्हणजे चाक फिरत नाही, घासत उतरतं. चढावर चाकामागे लाकडी रूळ. उतार लागण्याआधी, हे महत्त्वाचं. मीही आता घाटमाथ्यावर थांबतो, उतरतो, पेडल पायानं दाबून बघतो आणि दुसऱ्या गिअरमध्येच सुटतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ते जोडपं आमच्या अंगणात आलं. हिवाळी तयारीचा दिवस. पाण्याची टाकी रिकामी केली, सगळे नळ उघडे ठेवले, म्हणजे गोठून पाइप फुटत नाहीत. बॅटरी काढून घरात आणली. गाद्या उभ्या केल्या, खिडक्यांच्या कडा ओल्या आहेत का ते बोटानं बघितलं. हातब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावले, नाहीतर महिनाभरात ब्रेक आतून चिकटतो. महिन्यातून एकदा गाडी हातभर पुढे ढकलायची, टायर एकाच जागी बसू द्यायचा नाही, तेही सांगितलं.

मग खिल्लारचं पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं. त्यांच्या गाडीचे बेअरिंग सीलबंद आहेत, पण मला त्यांना एकदा दाखवायचं होतं. ड्रम नाही, डिस्क. टोपण काढलं, नट काढला, बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन तळहातावर नवं ग्रीज घेऊन रोलरांमध्ये दाबून भरलं, एकेका फटीतून पलीकडे निघेपर्यंत. त्या मुलीनं बाही वर करून स्वतः भरलं. कोपरापर्यंत काळी झाली. नट आवळला, मग थोडा सैल केला. किती सैल? आतली चकती स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं जेमतेम हलली पाहिजे, इतका. नवऱ्यानं तीन वेळा करून बघितलं, तिसऱ्यांदा जमलं. तिनं बाकाखालचं नळकांडं उचलून त्याचा वास घेतला आणि विचारलं, “काका, हे काय?” मी म्हटलं, आधी चाक फिरवा आणि कान जवळ न्या. तोवर साडेचार वाजले होते, उजवं चाक अजून व्हायचं होतं, आणि बायको आतून दिवा घेऊन आली.